सुहासिनीबाईंचा फोल्डर

कोलशेतच्या चंदू भोईरला भुताखेतांची भीती नव्हती. खाडीच्या कडेला जन्मलेल्या पोराला असल्या गोष्टी आजीने भाताबरोबर भरवलेल्या असतात, त्या पचून जातात. त्याला भीती होती ती एकाच वाक्याची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, आपोआप होतंय." आपोआप म्हणे! कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, आपोआप काही म्हणजे काही होत नसतं. कोणीतरी काहीतरी दाबलेलं असतं आणि आता कानांवर हात ठेवून उभं असतं.

म्हणून नव्याण्णव सालच्या वैशाखात हेमाचा निरोप आला, लवकर ये, सगळं आपोआप होतंय, तेव्हा चंदूने कपाळावर हात मारला. हेमा वर्तकनगरची. कॉम्प्युटर क्लासला ती चंदूच्या शेजारच्या मशीनवर बसायची आणि चंदूपेक्षा हुशार होती. आता ती नौपाड्यात त्र्यंबक खांबेटे यांच्या छापखान्यात मराठी मजकूर टाइप करायची. तिच्यासारख्या मुलीने असं म्हणावं याचं त्याला नवलच वाटलं. त्याने स्क्रूड्रायव्हर आणि फ्लॉप्यांचा डबा पिशवीत टाकला, लूनाला दोन लाथा घातल्या आणि निघाला.

छापखाना म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि कॉम्प्युटर. मागच्या खोलीत पायाने चालवायचं जुनं छपाईयंत्र आणि शिशाच्या खिळ्यांनी भरलेले लाकडी कप्पे. यंत्र थांबून वर्षं झाली होती, छपाई आता बाहेरून करून आणत. तरी आत पाऊल टाकलं की शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडला होता आणि आत दिवसाही ट्यूबलाइट लागायची.

हेमाने रोग दाखवला. रोग साधा होता. प्रत्येक कॉम्प्युटरला एक घरचा फोल्डर ठरवून दिलेला असतो. फाइल कुठे ठेवायची ते तुम्ही सांगितलंत तर ठीक, नाही सांगितलंत तर ती मुकाट त्या फोल्डरात जाऊन बसते. या मशीनवरचा तो फोल्डर होता सुहासिनी नावाचा. सुहासिनीबाई म्हणजे त्र्यंबककाकांची बायको. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्या वारल्या. त्यांच्या जागी हेमा आली, तिने आपल्या नावाचा फोल्डर केला आणि सेटिंग बदललं. एकदा नाही, रोज बदललं. सकाळी बदलायचं, दुपारच्या सुट्टीनंतर येऊन बघावं तर परत सुहासिनी.

"बदललंस आणि ओके न दाबता उठलीस," चंदू म्हणाला. हेमा हसली नाही.

त्याने तो फोल्डर उघडला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तो कामच विसरला. त्याने ठाण्यातले शंभर कॉम्प्युटर आतून पाहिले असतील. लोकांच्या फाइलींची नावं काय असतात? न्यू, न्यू वन, न्यू न्यू, फायनल, खरा फायनल. इथे साल, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, त्यात पहिलं वाचन, दुसरं वाचन, शेवटचं. एक फाइल इकडची तिकडे नाही. मजकूर उघडला तर समास जिथल्या तिथे, ओळी मोजून मापून सोडलेल्या, हळदीकुंकवाच्या पत्रिकेवरसुद्धा लग्नाच्या पत्रिकेइतकी मेहनत. पन्नाशीनंतर पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावलेल्या बाईचं हे काम आहे, असं हेमा म्हणाली. चंदूने नकळत खुर्चीवर नीट बसून घेतलं. मोठ्या माणसाच्या घरात शिरल्यावर आपण शर्ट खाली ओढतो ना, तसं त्याला झालं.

मग हेमाने दार पुढे लोटलं आणि आवाज खाली आणला. फाइली नुसत्या तिथे जात नव्हत्या, सुधारून परत येत होत्या. मागच्याच आठवड्यात एका पत्रिकेत मुलाकडच्यांनी तिथी दिली होती दशमीची आणि तारीख एकादशीची. कोणाच्या लक्षात आलं नाही, हेमाच्याही नाही. दुपारनंतर फाइल उघडली तर तारीख बदललेली. हेमाने घाबरत घाबरत मुलाच्या मामाला फोन लावला, तेव्हा तो माणूस देवाचं नाव घेत खालीच बसला म्हणे. अर्धी वरात आदल्या दिवशी आणि अर्धी दुसऱ्या दिवशी आली असती.

"अगं मग चांगलंच आहे की," चंदू म्हणाला. "फुकटात मुद्रितशोधन."

"फुकटात नाही," हेमा म्हणाली. "काकांना बघशील आता."

नौपाड्यात दुपारी एक ते चार देवसुद्धा दार उघडत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. काका पूर्वी त्या वेळात घरी जाऊन जेवायचे आणि पडायचे. आता ते हेमाला बाहेर काढून आतून शटर ओढून घेत. डोंबिवलीला दिलेल्या त्यांच्या मुलीने डबा लावून दिला होता, तो डबा संध्याकाळी भरलेलाच परत जाई. विचारलं तर म्हणत, पोट भरलंय. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कशात काही निघालं नाही. एकदा हेमा विसरलेली छत्री घ्यायला परत आली, तेव्हा शटरला कान लावून तिने ऐकलं. आत कोणीतरी वाचत होतं. काकांचा आवाज नव्हता तो.

"कॉम्प्युटर गेला उडत, चंदू," ती म्हणाली. "तो फोल्डर काढ तिथून. हा माणूस दिवाळी बघणार नाही."

एवढ्यात काका आले, आणि चंदूला पटलं. माणूस उंच होता हे खांद्यांवरून कळत होतं, पण सदऱ्यात आता फक्त खांदेच उरले होते. डोळे मात्र छान होते, तृप्त. भरल्या पंगतीतून उठलेल्या माणसाचे असतात तसे. त्यांनी चंदूला बसवलं, पाणी दिलं आणि कॉम्प्युटरची विचारपूस होण्याआधीच सुहासिनीबाईंचं बोलणं सुरू केलं.

लग्न होऊन आली तेव्हा तिला या धंद्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, काका म्हणाले. वर्षभरात ती कामगारांपेक्षा भरभर खिळे जुळवायला लागली. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, ती ती पेपर वाचावा तशी वाचायची. मग रोज दुपारी शटर ओढून दोघं मुद्रितं तपासायला बसत. छापखान्यांची ती जुनी पद्धतच. एकाने छापलेलं मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा तोंडाने म्हणायचे, आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून हुंकार द्यायचा. ती वाचायची, काका बोट ठेवायचे. एका डॉक्टरांच्या पुस्तकात लहान मुलांच्या औषधाचं माप दहापट पडलं होतं. मूळ कागदातच तसं होतं, म्हणजे छापखान्याला दोष नव्हता. तरी ती वैशाखाच्या उन्हात डॉक्टरांच्या घरी चालत गेली आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घेऊनच परतली. कॉम्प्युटर आला तेव्हा काकांनी हाय खाल्ली होती. तिने पुस्तक मांडीवर घेऊन ते शिकून घेतलं आणि पहिलं काम कुठलं केलं असेल तर घरचा फोल्डर ठरवायचं. कामाला जागा पाहिजे, असं म्हणायची. जागा नसलेलं काम हरवतं.

हे सांगताना काकांचा चेहरा असा उजळला होता की चंदूला सेटिंगचा विषय काढायची लाज वाटली. तरी त्याने काढला. काका शांतपणे म्हणाले, काही बिघडलेलं नाही, राहू दे तसंच. मग घड्याळाकडे बघून त्यांनी दोघांना निघायला सांगितलं आणि ते मोरीवर हात धुवायला गेले.

हेमाने चंदूकडे पाहिलं. चंदूने एकदा तिच्याकडे आणि एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. हेमा चप्पल वाजवत एकटीच बाहेर पडली आणि चंदू आत जाऊन छपाईयंत्राच्या मागे बसला. असलं शहाणपण त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण बघितल्याशिवाय रोग कळत नाही हा त्याचा धंद्यातला नियम होता.

शटर खाली आलं. आधी रस्त्याचा आवाज गेला, मग उजेड गेला. ट्यूबलाइटही काकांनी बंद केली. उरला तो फक्त कॉम्प्युटरच्या पडद्याचा निळसर उजेड, आणि त्यात काकांची पाठ. ते स्टुलावर बसले होते, मांडीवर हेमाने आज टाइप केलेल्या मजकुराचे मूळ कागद. पडद्यासमोरची खुर्ची त्यांनी मोकळी ठेवली होती. डबा काउंटरवर तसाच. पंख्याची घरघर चालू होती आणि शाईचा वास हळूहळू दाट होत चालला होता, कोणीतरी नुकताच ओल्या शाईचा डबा उघडावा तसा.

काकांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं आणि वाट बघत राहिले.

"आमचे येथे..." आवाज आला. "श्रीकृपेकरून... स्वल्पविराम..."

बाईचा आवाज. मोठा नाही, बारीकही नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच. काका "हं" म्हणाले. खुर्ची रिकामी होती. पडद्यावरची उभी रेघ मात्र एकेक शब्द पुढे सरकत होती, आणि मध्येच कीबोर्डचं एखादं बटण आपलं आपण खाली जाऊन वर येत होतं.  चंदूने तोंडावर हात दाबून धरला.

पण आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण चंदूने पुढे हेमालाही हेच सांगितलं. भीती वाटली, ती सुरुवातीला. मग तो ऐकायला लागला. लग्नपत्रिकेतली ती घासून घासून गुळगुळीत झालेली वाक्यं, पण त्या आवाजात ती नवीकोरी वाटत होती. वधूच्या आजोबांचं नाव आलं तर ते कोणी खरे आजोबा वाटत होते. पत्रिका संपली, मग एका पतसंस्थेचा अहवाल झाला, मग लोणच्याच्या बाटलीवरचा मजकूर. चंदू यंत्राच्या लोखंडाला डोकं टेकून ऐकत राहिला. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. तहान लागली होती ती गेली. सकाळी घाईत अर्धपोटी निघाला होता, ती भूकही कुठल्या कुठे गेली.

आवाज थांबला.

"आत कोण आहे?"

काका दचकले. "कोणी नाही."

"आहे... श्वास घेतोय." खुर्ची किंचित वळल्याचा आवाज झाला. "बाहेर ये बाळ. वाचता येतं का तुला?"

चंदूचे पाय कोणी दुसऱ्याचे असावेत तसे उठले. तो दारात येऊन उभा राहिला. समोर रिकामी खुर्ची होती, त्याच्याकडे तोंड केलेली. "येतं," तो म्हणाला. 

"बरं झालं... दुपारी घरी कोण असतं?"

"आई."

"तिला येतं का वाचता?"

"नाही."

"अरेरे," बाई म्हणाली. आणि तिला मनापासून वाईट वाटलं होतं, हे चंदूला कळलं. तेवढ्याने त्याचा उरलासुरला धीर सुटला. त्याने भिंतीवर चाचपडत बटण शोधलं आणि ट्यूबलाइट लावली.

खोलीत काका होते आणि तो होता. पडद्यावर लोणच्याचा मजकूर होता, दोन ठिकाणी सुधारलेला.

काका रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. बराच वेळ ते कागद मांडीवर जुळवत बसले, कडेला कड लावून. मग म्हणाले, "ती मला त्रास देत नाही हो. पण मला उठता येत नाही. मजकूर संपल्याशिवाय ती कधी उठली नाही, आणि मजकूर काही संपत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मला भीती वाटते चंदू. मला मरायचं नाहीये. पण तिला हे मी कसं सांगू?"

चौतीस वर्षांचा संसार केलेला माणूस हे एका परक्या पोरापुढे बोलत होता. चंदूला भडभडून आलं. तो काकांच्या पायाशी बसला आणि म्हणाला की तुम्ही सांगू नका, मी करतो. काकांनी मान हलवली. "कर. पण पुसू नकोस. तिचं एक अक्षर पुसलं जाता कामा नये."

मग चंदूने खुर्ची बाजूला केली, उभ्यानेच काम केलं. रोग त्याला आता सापडला. घरच्या फोल्डरचा पत्ता कॉम्प्युटरच्या पोटात दोन ठिकाणी लिहिलेला असतो. हेमा बदलत होती ते वरचं ठिकाण. खालचं सुहासिनीबाईंनी स्वतः लिहून ठेवलेलं होतं, आणि मशीन वरचं खालच्याशी ताडून पुन्हा तेच करत होतं. एवढंच. म्हणजे एवढं तरी आपोआप नव्हतं, असं चंदूने स्वतःला सांगितलं. बाकीचं त्याने विचारात घेतलं नाही. पुसायच्या आधी प्रत काढून ठेवायची ही त्याची धंद्यातली सवय, आणि आता तर काकांना शब्द दिलेला. त्याने सगळा फोल्डर फ्लॉप्यांवर उतरवला. सेटिंगचीही एक फाइल करून घेतली, उद्या काही उलटंसुलटं झालं तर असावी म्हणून. मग दोन्ही ठिकाणी हेमाचं नाव घातलं आणि जुना फोल्डर मशीनवरून काढून टाकला.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. हेमा. परत बंद, परत चालू. हेमा.

शाईचा वास ओसरला होता. काका उठून काउंटरपाशी गेले, डब्याचं झाकण उघडलं आणि उभ्याउभ्याच गार पोळीचा तुकडा तोंडात घातला. त्यांना चावायला वेळ लागत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते जेवत होते. चंदू दुसरीकडे बघत राहिला. हेमाने बाहेरून शटर वाजवलं तेव्हा डब्यात फक्त लोणचं उरलं होतं. फ्लॉप्या काकांनी चंदूलाच दिल्या. "तुझ्याकडे नीट राहतील," म्हणाले.

चंदूचं घर कोलशेतला गावात, खाडीच्या अंगाला. बाप लहानपणीच गेला. आई जनाबाई पहाटे मच्छी घेऊन निघायची, दुपारी टोपली रिकामी करून परतायची आणि मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात दिवसाचा हिशोब सांगत जेवायला बसायची. अंगाने आडवी, तोंडाने फटकळ, जेवणाला दणकट. दोन माणसांचा भात एकटी खाऊन वर विचारायची, कालवण बरं झालं होतं का? शाळेची पायरी मात्र तिने चढली नव्हती. सही म्हणजे अंगठा. चंदूने पुढच्या खोलीत जुना घेतलेला कॉम्प्युटर मांडला तेव्हा तिने त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि पुन्हा कधी त्याच्या वाटेला गेली नव्हती.

त्या संध्याकाळी चंदूने फ्लॉप्या काढल्या. भीती होती, नाही असं नाही, पण त्या फोल्डरची मांडणी त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. आपली बिलंसुद्धा अशी दिसली तर! एकदा निवांत बघू म्हणून त्याने सगळं आपल्या मशीनवर उतरवून घेतलं. सेटिंगच्या फाइलीत नक्की काय लिहिलंय ते बघायला त्यावर दोनदा टिचकी मारली. आणि इथे तो चुकला. ती फाइल दोनदा टिचकी मारून उघडत नाही, आत जाऊन बसते. पडद्यावर छोटीशी पाटी आली की माहिती जमा झाली. चंदूने स्वतःला दोन शिव्या घातल्या. गिऱ्हाइकांना जन्मभर ज्यावरून हसला, तीच चूक. आता त्याच्या कॉम्प्युटरचा घरचा फोल्डरही सुहासिनी झाला होता.

बदलायला काय, एक मिनिट. पण चंदूने बदललं नाही. का, ते त्याला विचाराल तर तो आजही खाली बघतो. त्याला ते आवडलं होतं. एवढ्या गुणी बाईच्या हाताखाली आपलं काम पडतंय, तर पडू दे, असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने टाइप केलेलं एक बिल सुधारून आलं, बेरीजसुद्धा. चंदूने पडद्याला हात जोडले.

नौपाड्याची खबर चांगली होती. हेमा सांगायची, काकांच्या अंगाला मांस यायला लागलं, संध्याकाळी तलावपाळीवर जाऊन भेळ खातात, डोंबिवलीच्या मुलीचं आनंदाने रडणंच थांबत नव्हतं. चंदूची छाती फुगायची. धंदा वाढला होता, दुपारी तर तो घरी कधीच नसायचा. आई हल्ली पहाटे उठत नव्हती, सकाळी ती निजलेली असतानाच तो निघायचा, रात्री आला की ती निजलेली असायची. भात झाकून ठेवलेला असे, तो जेवून आडवा होई.

एका दुपारी घोडबंदरच्या गिऱ्हाइकाकडे वीज गेली म्हणून तो अवेळी घरी परतला. आळीत शुकशुकाट होता. पुढचं दार आतून लावलेलं. आई दिवसा दार कधी लावत नसे. मागच्या दाराने तो स्वयंपाकघरात शिरला. जमिनीवर ताट वाढलेलं होतं. भात सुकून त्याचे दाणे सुटे झाले होते, बोंबलांच्या कालवणावर साय धरली होती. एक घास उष्टा केलेला नव्हता.

पुढच्या खोलीत खिडक्या लावलेल्या होत्या. पडद्याच्या निळ्या उजेडात जनाबाई स्टुलावर बसली होती. चंदूची खुर्ची तिच्या शेजारी, थोडी तिच्याकडे वळलेली. रिकामी. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. लुगड्याच्या आत बाई नावाला उरली होती. हे आजचं नव्हतं, कित्येक दिवसांचं होतं, आणि त्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

"आये... जेवली नाय तू?"

"भूक नाय रे." तिने मान वळवली नाही. तिचा तो आळीभर पोचणारा आवाज इतका हळू झाला होता. "बाय बोलते, एवडं झालं का उठ. पन ते होतच नाय."

"कोन बाय?"

जनाबाईने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ती लाजून हसली. "जाम चांगली हाय. एवडी शिकलेली, पन मना एक दिस हसली नाय. तू बग." तिने पडद्यावर बोट ठेवलं.  "ज... ना... बा... ई," तिने वाचलं. सगळं आयुष्य अंगठा उठवलेली बाई. तिचे डोळे तृप्त होते, अगदी त्र्यंबककाकांचे होते तसे.

त्याने माउस ओढून घेतला. दोन्ही ठिकाणं त्याला आता पाठ होती. सेटिंग उघडलं. घरच्या फोल्डरचा पत्ता सुहासिनी नव्हता. तिथे नाव होतं जनाबाई. असा फोल्डर त्याने कधी केला नव्हता. आत फाइली होत्या, पहिलं वाचन, दुसरं वाचन, सगळ्या जिथल्या तिथे. फोल्डर कधी तयार झाला ते त्याने पाहिलं. तारीख त्या वैशाखातली. वेळ दुपारची, शटर खाली होतं तेव्हाची. फ्लॉप्या तोवर कोऱ्याच त्याच्या पिशवीत होत्या. आणि त्या आवाजाला त्याने नुसतं "आई" एवढंच सांगितलं होतं, नाव कुठे सांगितलं होतं?

पुसायला एक टिचकी मारायची बाकी होती. जनाबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. हाताला वजन नव्हतं, आणि मच्छीचा वासही नव्हता.

"नको पुसू, चंदू," ती म्हणाली. "मना आता कुटं वाचाला यायला लागलंय."

चंदूने माउस सोडला नाही आणि दाबलाही नाही. तो आईच्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि शेजारची खुर्ची त्याला जागा करून देण्यासाठी सावकाश बाजूला सरकली.